‘क्लीन’चं बटण

सॉफ्टी आइस्क्रीमच्या बहुतेक मशीनवर एक बटण असतं. कुठे त्यावर ‘वॉश’ लिहिलेलं असतं, कुठे ‘क्लीन’, कुठे नुसतं पाण्याच्या थेंबाचं चित्र. ते दाबलं की आतून घरघर सुरू होते आणि पाहणाऱ्याला वाटतं, मशीन स्वतःला धुतंय. प्रत्यक्षात एवढंच होतं की आतला थंडावा बंद होतो आणि मिश्रण घुसळणारा बीटर नुसता फिरत राहतो. पाणी तुम्ही ओतायचं, साबण तुम्ही घालायचा, काढून टाकायचं तुम्ही, पुन्हा पाणी ओतायचं तेही तुम्ही. मग पुढचा दरवाजा खोलून, रबरी रिंगा काढून, बारीक ब्रशने घासायचं, तेही तुम्हीच. बटण फक्त ढवळतं.

हे मला कळायचं कारण माझा भाचा. बी.कॉम. करून चार वर्षं इकडेतिकडे अर्ज केल्यावर त्याने भावाच्या बेकरीला लागून असलेल्या गाळ्यात शेक आणि सॉफ्टीचं दुकान काढायचं ठरवलं. मशीन विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, “ऑटोमॅटिक है, खुद धुल जाता.” आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो, मग ते बँकेचं पत्र असो की डॉक्टरांचा रिपोर्ट. तसं मशीनचं माहितीपुस्तकही आलं. “फुफू, जरा पढ के बताव.” मी शनिवार-रविवार बसून वाचलं. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की मूल्यमापनाचे निकष आधी ठरवावेत आणि मगच पेपर काढावा. त्या पुस्तकात धुण्याची पानं विकण्याच्या पानांपेक्षा जास्त होती.

खरोखर स्वतःला धुणारं यंत्र म्हणजे काय, ते मी आधी पाहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलांची क्षेत्रभेट आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका दूध प्रकल्पात नेली होती. चकचकीत पाइपांचं जाळं, दोन मजली उंच टाक्या, भिंतीवर लाल-हिरवे दिवे. सगळं बघून झाल्यावर एका मुलीने विचारलं, “मॅडम, एवढे पाइप घासतं कोण?” मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी तिला तिथल्या ऑपरेटर भाऊंकडे वळवलं. ते हसले आणि म्हणाले, “कुणीच नाही. सीआयपी लावतो.”

सीआयपी म्हणजे काहीही न खोलता, जागच्या जागी धुणं. पूर्वी दूध प्रकल्पात दररोज पाइप सुटे करून, ब्रश घालून घासायचे. गेल्या शतकाच्या मध्यावर वेल्डिंग केलेले स्टेनलेस स्टीलचे पाइप आले आणि सुटं करण्याची गरजच हळूहळू संपली. आता ज्या वाटेने दूध जातं त्याच वाटेने धुण्याचं पाणी पाठवतात. आधी साधं पाणी जातं, ते गटाराकडे सोडतात. मग कॉस्टिक सोडा, साधारण एक ते दीड टक्का, 70 ते 75 अंश सेल्सिअसला तापवलेला. तो दुधाची चरबी आणि प्रथिनं सोडवतो. पुन्हा पाणी. मग सौम्य नायट्रिक अ‍ॅसिड, कारण दुधातल्या कॅल्शियमचा एक पांढरट थर धातूवर बसतो आणि तो कॉस्टिकला दाद देत नाही. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जसा चुना धरतो, त्याचाच हा भाऊ. मग पुन्हा पाणी, आणि दूध सोडण्याआधी 90 अंशांच्या आसपासचं पाणी किंवा जंतुनाशक. टाक्यांच्या आत वर एक भोकाभोकांचा गोळा असतो, त्यातून चारही भिंतींवर फवारा बसतो.

मुलांना सगळ्यात आवडली ती वेगाची गोष्ट. पाइपमधून धुण्याचं पाणी सेकंदाला निदान दीड मीटर या वेगाने गेलं पाहिजे. त्याहून हळू गेलं तर ते तळाशी सरपटत निघून जातं आणि भिंतीला खरवडत नाही. दुसरी गोष्ट, परतीच्या पाइपात एक सेन्सर असतो. कॉस्टिक मिसळलेल्या पाण्यातून वीज जास्त वाहते, निव्वळ पाण्यातून कमी. सेन्सर ते मोजतो आणि कॉस्टिक पूर्ण निघून गेल्याची खात्री पटेपर्यंत पुढची पायरी सुरूच होऊ देत नाही. वेळ, तापमान, प्रवाह, सगळं नोंदलं जातं. उद्या कुणी विचारलं की परवा रात्री तीन नंबरची टाकी धुतली होती का, तर ‘हो, धुतली’ असं तोंडी उत्तर चालत नाही. आलेख दाखवावा लागतो.

त्या भाऊंच्या मनगटावर कॉस्टिकने भाजल्याचा जुना डाग होता. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी माहितीफलकावर नव्हती. पाइपाला जिथे आडवा फाटा फुटतो आणि तो पुढे बंद असतो, तिथे पाणी घुसतं पण फिरत नाही. तो कोपरा यंत्राला धुता येत नाही आणि आपण कुठे चुकलो हे यंत्राला कळतही नाही. म्हणून ठरलेल्या दिवशी ते असे सांधे हाताने खोलून बघतात, रबर हाताने चाचपून बघतात.

1959 साली जर्मनीत हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी धुण्याचा सगळा व्यवहार चार गोष्टींत मांडला: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. हे वाचताना मला अम्मीची दुधाची पातेली आठवली. ती पातेली रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची, तेव्हा घासण्याच्या ऐवजी वेळ खर्च होत होता. आणि पाणी गारच घ्यायची. गरम पाणी थेट ओतलं तर दुधातली प्रथिनं शिजून भांड्याला चिकटतात, म्हणून डेअरीतलंही पहिलं पाणी गार किंवा कोमटच असतं. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली.

आता आमच्या वाचकांपैकी काही जण विचारतील, आणि घरात विचारलंही गेलं, की मशीन पाक झालं म्हणजे झालं ना? तीन पाणी काढलं की पाक.

इथे थोडं थांबायला हवं. पाक आणि साफ हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो, त्यामुळे ते एकच वाटू लागतात. फिकहच्या पुस्तकांत नजासतीचे जे प्रकार केलेले आहेत, त्यातला एक भेद मला नेहमी विचार करण्यासारखा वाटतो: मरई आणि गैर-मरई, म्हणजे डोळ्यांना दिसणारी आणि न दिसणारी. हनफी मतानुसार कपड्याला रक्त लागलं असेल तर ते निघेपर्यंत धुवायचं. वाळून दिसेनाशी झालेली लघवी असेल तर तीन वेळा धुवून प्रत्येक वेळी पिळायचं. म्हणजे जिथे डोळा साक्ष देऊ शकत नाही, तिथे पद्धत आणि मोजणी डोळ्याची जागा घेते. सीआयपीचा आलेख हेच काम करतो. पण साम्य तिथेच संपतं. दुधातले जंतू म्हणजे नजासत नव्हे. जंतू वाढलेलं दूध शरीयतच्या हिशेबाने पाक असू शकतं आणि तरीही ते एखाद्या लेकराला दवाखान्यात पोचवू शकतं. उलट, 90 अंशांच्या पाण्याने निर्जंतुक केलेली लाइन एखाद्या मुसलमानाला चालणार नाही, कारण तिच्यातून आधी काय गेलं होतं हा प्रश्न वेगळाच आहे.

तो दुसरा प्रश्न मलेशियाने कागदावर आणला आहे. तिथले लोक शाफई, आपल्या कोकणातल्या बहुसंख्य मुसलमानांसारखे. डुकराच्या पदार्थांसाठी वापरलेली उत्पादन लाइन हलाल करायची असेल तर तिथल्या एमएस 1500 या मानकाप्रमाणे ती सात वेळा धुवावी लागते, त्यातलं एक पाणी मातीचं. तेही संबंधित अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. आणि अशी लाइन पुन्हा डुकराकडे, पुन्हा हलालकडे, अशी फिरवत राहायला परवानगी नाही. हे सगळं करूनही तापमानाचा, जंतूंचा हिशेब स्वतंत्रपणे द्यावाच लागतो. एकाची पावती दुसऱ्याला चालत नाही. आपल्याकडे मात्र ‘हलाल आहे’ एवढं म्हटलं की पाठीमागची मोरी कुणी बघत नाही, याचा मला राग येतो.

(जाता जाता एक गंमत. प्रकल्पांत वापरलं जाणारं पेरअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड नावाचं जंतुनाशक आपलं काम झाल्यावर विघटित होतं आणि मागे उरतं सिरक्यातलंच अ‍ॅसिड, पाणी आणि प्राणवायू. अल्कोहोलचा वाद घालणाऱ्यांना हे सांगायला बरं पडतं.)

परत मशीनकडे येते. भाच्यापुढे दोन पर्याय होते. पहिलं साधं मशीन, वर सांगितलेल्या बटणाचं. ते दररोज रात्री रिकामं करून, खोलून धुवायचं. दुसरं होतं स्वतःला तापवणारं, कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या दुकानातलं जुनं. हे मशीन रोज ठरलेल्या वेळी आतलं मिश्रण आणि मिश्रण जिथे जिथे लागतं तो सगळा भाग किमान 66 अंशांपर्यंत तापवतं, अर्धा तास त्याच तापमानावर ठेवतं आणि पुन्हा थंड करतं. या सगळ्याला चार तासांच्या आसपास लागतात. चक्र अपुरं राहिलं तर मशीन स्वतःला कुलूप लावून घेतं आणि एक थेंबही देत नाही. आणि एवढं करूनही 14 दिवसांनी त्याला खोलून ब्रशने धुवावंच लागतं. नाही धुतलं तरी कुलूप.

अमेरिकेत मॅक्डोनाल्ड्सचं आइस्क्रीम मशीन कायम ‘बंद’ असतं हा तिथे विनोदाचा विषय आहे. त्या बंद असण्यामागे बऱ्याचदा हेच चक्र असतं. रात्री कुणी मिश्रण कमी-जास्त भरलं, चक्र फसलं, सकाळी कुलूप. पडद्यावर येणारा संदेश दुकानदाराला कळत नाही, कंपनीचाच माणूस बोलवावा लागतो. त्यावर तिथे बराच वाद झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने दुकानांतल्या अशा खाद्ययंत्रांचं डिजिटल कुलूप दुरुस्तीपुरतं उघडायला सूट दिली. दुरुस्तीचा हक्क मला मान्य आहे. पण कुलूप मुळात का आहे तेही बघावं.

2023 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, टॅकोमा शहरात, एका बर्गरच्या दुकानातले मिल्कशेक पिऊन 6 जण रुग्णालयात गेले. त्यातले 3 दगावले. आरोग्य खात्याला तिथल्या शेकच्या सगळ्या चवींत लिस्टेरिया सापडला, कारण आइस्क्रीमची मशीन नीट धुतलेली नव्हती. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गोठवल्याने मरत नाही. शेक प्यायल्यावर सत्तर दिवसांपर्यंत आजार उद्भवू शकतो. सत्तर दिवसांनी ताप आलेल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा गरोदर बाईला कुठला शेक आठवणार आहे?

भावाचं म्हणणं साधं मशीन घ्यायचं. “छोकरा धो लेगा.” तो छोकरा म्हणजे बेकरीत सकाळी सहापासून उभा असलेला, बिहारचा एकोणीस वर्षांचा मुलगा. रमजानमध्ये तरावीहनंतर आमच्या रस्त्यावर गर्दी उसळते ती सहेरीपर्यंत. पहाटे तीनला तो मुलगा पाय ओढत असेल तेव्हा तो सात रबरी रिंगा काढून, घासून, जंतुनाशकात बुडवून, खाण्याचं ग्रीस लावून परत बसवेल असं मानणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आणि गिऱ्हाइकाशी बेइमानी. धुणं हे नेहमी दिवसाच्या शेवटी येतं, माणूस सगळ्यात थकलेला असतो तेव्हा. आणि आपल्या समाजात ते नेहमी सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे येतं. यंत्राची गरज इथे आहे. ते माणसाहून चांगलं धुतं म्हणून नव्हे, तर ते पहाटे तीन वाजताही तेवढंच धुतं म्हणून.

दुसरं एक कारण होतं, जे जेवताना कुणी मोठ्याने बोललं नाही. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालक आणि नोकरांची नावं बाहेर लावायला सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. पदार्थ कोणते ते सांगा, नावं सांगायची सक्ती नको, असा त्याचा अर्थ होता. ते तिकडचं प्रकरण, पण थुंकीच्या अफवांचे व्हिडिओ आमच्या गल्लीतल्या फोनवरही आले होते. आमच्या दुकानातला शेक पिऊन एखाद्या मुलाला उलट्या झाल्या, तर त्याला कुणी लिस्टेरिया म्हणणार नाही. दुकानाच्या नावावरूनच निकाल लागेल. याने आम्ही जास्त स्वच्छ राहावं हे योग्य की अयोग्य, हा वाद मी घालत नाही. पण माझ्या भाच्याला शेजारच्या दुकानदारापेक्षा जास्त काटेकोर राहावं लागणार आहे, हे तो जाणून आहे. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक त्याने काउंटरवर लावला आहे तो तेवढ्याचसाठी मोठ्या अक्षरांत.

व्याजाचं कर्ज अब्बांना चालत नाही. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती. दुसरं मशीन आलं.

सुरुवातीला दोन-तीन गोष्टी मी भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहून लावल्या. जंतुनाशक हे साबण नाही. चिकट थरावर क्लोरीन ओतणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना फासणं, आधी मळ निघाला पाहिजे. आणि ठळक अक्षरांत: बाथरूमचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ही शेवटची पाटी त्या मुलाने बादलीत दोन्ही ओतायला घेतल्यावर त्याच दिवशी लागली.

चक्राच्या वेळेचा प्रश्न रमजानने सोडवला. हे मशीन बनवणाऱ्यांनी गृहीत धरलंय की रात्री दुकान बंद असतं. आमच्याकडे त्या महिन्यात दिवस बंद आणि रात्र चालू. म्हणून भाच्याने चक्र फजरनंतर लावलं. सगळे झोपलेले किंवा कामावर गेलेले, तेव्हा ते तापत आणि निवत बसायचं. एका वहीत तारीख, चक्र पूर्ण झालं की नाही, सर्वात जास्त तापमान, आणि सही. वहीवर सही करायची लाज वाटते म्हणत होता, आठवड्याने सवय झाली.

बाविसाव्या रोजाला सकाळी नऊच्या सुमारास वीज गेली. कुठेतरी तार तुटली होती. वीज आली संध्याकाळी पाच वाजता. मशीनने कुलूप लावलेलं, आत दहा लिटर मिश्रण आठ तास कोमट पडलेलं. भावाने फोनवर विचारलं, परत तापवलं तर नाही का चालणार? दूध उकळलं की चालतंच ना?

नाही चालत, आणि त्याचं उदाहरण जपानचं आहे. 31 मार्च 2000 रोजी होक्काइदो बेटावरच्या ताइकी इथल्या स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली. कोमट पडलेल्या दुधात जंतू वाढले आणि त्यांनी विष तयार केलं. वीज आल्यावर दूध तापवलं, जंतू मेले, पावडर झाली. विष तापवल्याने जात नाही. जूनमध्ये ती पावडर ओसाकाच्या कारखान्यातल्या दुधात गेली आणि तेरा हजारांहून जास्त लोक आजारी पडले. आधी सगळ्यांचा संशय ओसाकामधल्या न धुतलेल्या एका व्हॉल्व्हवर होता. खरं कारण तीन महिने मागे, हजारएक किलोमीटर लांब होतं.

हे सगळं फोनवर सांगायला वेळ नव्हता. मी एवढंच म्हटलं, “ओत.” नवं मिश्रण कोल्हापूरहून सकाळी येणार होतं. तरावीहनंतर काउंटरवर कागद लागला, ‘आज सॉफ्टी नाही’. शेजारच्या गाड्यावर त्या रात्री गर्दी दुप्पट होती.

दीड वाजता भावाचा पुन्हा फोन. “तेरी मशीन ने आज धंदा बिठाया.” मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. मागे पाण्याचा आवाज येत होता, भाचा आणि तो बिहारचा मुलगा दरवाजा खोलून धूत होते, भाऊ बॅटरी धरून उभा होता. मी विचारलं, रिंगा मोजल्या का? एक जरी आत राहिली तर ती कुणाच्या तरी कोनात निघते.

“ठैर,” म्हणाला, आणि फोन तसाच धरून मोजायला लागला. “पाच... छे...” मग खाली बसून शोधत असावा. “सात.”